'पिच'ला फ्रेंचमध्ये एकच शब्द? हा हट्ट सोडा

धरमपेठवाली (धागा सुरू)

इंग्रजी-फ्रेंच तांत्रिक अनुवादाचं काम घेतलं की सोबत एक एक्सेल फाईल येते. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे फ्रेंच, आणि वर ताकीद की यादीबाहेर जायचं नाही. परवाच्या यादीत 'पिच'समोर एकच शब्द होता, 'पा'. पुस्तिका विमानाची.

स्क्रूच्या दोन आट्यांमधलं अंतर असेल तर 'पा' बरोबर. रिव्हेटच्या रांगेतलं अंतरही 'पा'. प्रोपेलरच्या पात्याचा कोन, तोही 'पा'. पण विमानाचं नाक वर-खाली होतं त्या हालचालीला फ्रेंचमध्ये 'तांगाज' म्हणतात. गाण्यातली स्वराची उंची 'ओतर', फुटबॉलचं मैदान 'तेरँ', डांबरासारखा काळा चिकट पदार्थ 'प्वा'. यातले शेवटचे तीन सोडून द्या, विमानाच्या पुस्तिकेत कशाला येतील? पण 'पा' आणि 'तांगाज'चं काय करायचं? 'पिच कंट्रोल' ही जोडी प्रोपेलरच्या प्रकरणात आली तर 'पा', विमानाच्या नाकाबद्दल आली तर 'तांगाज'. यादी पाळली तर दुसऱ्या ठिकाणी वाचणारा भलत्याच यंत्रणेकडे जाणार.

माझं म्हणणं एवढंच आहे की यादी शब्दांची करू नका, वापरांची करा.

जामठा एक्स्प्रेस

नागपुरात 'पिच' म्हटलं की एकच अर्थ. 2015 ची आफ्रिकेविरुद्धची कसोटी तीन दिवसांत आटोपली आणि आयसीसीने पिचला 'खराब' शेरा दिला. त्याचं फ्रेंच करा आधी. 😄

कोनाडा

ताई, राग यादीवर काढू नका. मी तांत्रिक पुस्तिका लिहितो, त्यामुळे दुसरी बाजू सांगतो. एका पुस्तिकेवर चार अनुवादक बसतात. प्रत्येकाने आपल्या मनाने एकाच भागाला वेगळं नाव दिलं, तर हँगरमध्ये विमान दुरुस्त करणाऱ्या माणसाला वाटतं की भागच वेगळे आहेत. तो पानं उलटत बसतो. यादी त्याच्यासाठी असते.

आणि रोग मुळात इंग्रजीत आहे. विमान उद्योगाने तो केव्हाच ओळखला. 1986 मध्ये सोप्या तांत्रिक इंग्रजीची नियमावली आली, आज तिला एएसडी-एसटीई100 म्हणतात. तिच्यात शब्दाला शक्यतो एकच अर्थ. 'फॉलो' म्हणजे मागोमाग येणं. सूचना 'फॉलो' करायच्या नाहीत, 'ओबे' करायच्या. 'क्लोज' म्हणजे बंद करणं, जवळ म्हणायचं तर 'निअर'. मूळ मजकूर असा चाळून आला की एक प्रतिशब्द पुरतो.

धरमपेठवाली

@कोनाडा, नियमावली अर्धीच सांगितलीत. तिच्यात तांत्रिक नावांना मोकळीक आहे, ती तिच्या शब्दकोशाबाहेरून घेता येतात. 'पिच' तांत्रिक नावच की! 'फॉलो'ने कोणाचं अडत नाही, अडतं ते नेमकं तिथे.

महालचा मिस्त्री

ताईचं पटते. आम्ही नट-बोल्ट म्हणतो म्हणजे जोडी. फ्रेंचमधी 'बुलों' म्हणजेही जोडीच, 'व्हिस' (आट्यांचा दांडा) अन् 'एक्रू' (नट) मिळून. पण इंग्रजी बोल्ट एकटाही येते. आटे पाडलेल्या भोकात सरळ कसला तर नट लागतच नाही, त्याले 'व्हिस' म्हणा लागते. यादीत बोल्ट म्हणजे 'बुलों' लिहून ठेवलं तर स्टोअरवाला नट शोधून राहिला ना बाप्पा. इथं मिहानच्या कारखान्यात फ्रेंच फाल्कन विमानाचे भाग बनतात म्हणून माह्या भाच्यानं फ्रेंचचा क्लास लावला, त्याले मी हेच सांगतो की पहिले ड्रॉइंग पाह्य, मग शब्द.

सिव्हिल लाईन्स

यंत्रांचं मला कळत नाही. कायद्यात मात्र यादी सोडली की फसलात. एकच शब्द दोन कलमांत दोन तऱ्हेने उतरवला तर समोरचा वकील लगेच उठतो, कायदे करणाऱ्यांना दोन वेगळ्या गोष्टी म्हणायच्या होत्या म्हणून.

कॅनडात इंग्रजी आणि फ्रेंच पाठ सारख्याच वजनाचे असतात. तिथल्या 1982 च्या हक्क-सनदेत कलम 24(2) आहे. हक्क डावलून मिळवलेला पुरावा कधी नाकारायचा, ते त्यात दिलंय. इंग्रजी पाठ म्हणतो, तो स्वीकारल्याने न्यायव्यवस्था बदनाम 'होईल' तर. फ्रेंच पाठाचा रोख 'होऊ शकेल' असा. 1987 च्या कॉलिन्स खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने फ्रेंच पाठ धरला, म्हणजे आरोपीवरचा भार हलका झाला. इतक्या बारीक छटेवर निकाल फिरतो. तिथे प्रत्येक अनुवादकाला मोकळं सोडायचं?

धरमपेठवाली

वकीलसाहेब, मोकळं सोडा असं मी म्हटलेलंच नाही. एका अर्थाला एकच शब्द, यावर आपलं एकमत आहे. माझं भांडण एका स्पेलिंगला एकच शब्द, याच्याशी आहे. आणि आपण मराठी माणसं आधी मनात मराठी करून बघितलं तर अर्धं काम होतं. आटे, पाते, पट्टी, डांबर. मराठीत गोंधळच नाही.

फुटाळ्याची हवा

हा मात्र भाबडेपणा झाला. 'लागणे' घ्या. भूक लागते, आग लागते, नोकरी लागते, वेळ लागतो, ठेच लागते, आणि ती माझी मावशी लागते. करा याचं फ्रेंच एका क्रियापदात. फ्रेंचही काही कमी नाही. तुमचा तो 'पा' म्हणजे पाऊलसुद्धा, आणि नकारात येतो तोही 'पा'च.

कोनाडा

बरं, वापरांची यादी म्हणजे तिसरा रकाना: कुठल्या प्रकरणात, कुठल्या यंत्रणेसाठी. मला मान्य आहे. पण तो भरायला पुस्तिका आणि आकृत्या दोन्ही समोर हव्यात. अनुवादकाला बहुतेक वेळा नुसती वाक्यं मिळतात, तुकडे केलेली, चित्रांशिवाय. मग भरणार कोण?

धरमपेठवाली

ज्याच्याकडे आकृत्या आहेत, त्याने. म्हणजे तुमच्यासारख्याने. आम्हाला शब्दामागे पैसे मिळतात. 'हा पिच कुठला' असं विचारणाऱ्या ईमेलचे मिळत नाहीत.

कोनाडा

आम्हाला तर रकान्याचेही मिळत नाहीत, ताई. तरी पुढच्या फाईलमध्ये 'पिच' आणि 'बोल्ट'पुरता भरून बघतो. 'गिअर' नको, त्याचे फार फाटे आहेत.

महालचा मिस्त्री

'गिअर' आम्हाले पाठवा ना भाऊ. चाकाचा गिअर का उतरायचा गिअर, फोटो पाहून सांगतो.