अवचित समोर आलेल्या प्रसिद्ध व्यक्तीकडे फोटो मागावा का?

सावकाश (धागाकर्ता)

अशा भेटींबद्दलचे सल्ले बहुतेक वेळा 'नम्रपणे विचारा' इथेच संपतात. माझं म्हणणं त्याच्या पुढचं आहे. खेळाडू, नट, गायिका, लेखक, शास्त्रज्ञ, कुणीही असो, ठरलेल्या कार्यक्रमाबाहेर अचानक दिसले तर फोटो मागूच नये. दोन वाक्यं बोलावीत, फार वाटलं तर सही घ्यावी आणि बाजूला व्हावं.

फोटो म्हणजे एक क्लिक नसतो. फोन शोधायचा, उघडायचा, तिसऱ्या कुणाच्या हातात द्यायचा, त्याला कॅमेरा सापडत नाही, मग 'अजून एक, डोळे मिटले'. एवढ्यात मिनिट जातं. त्याहून मोठी अडचण म्हणजे वर गेलेला फोन लांबूनही दिसतो. तोवर कुणाचं लक्ष नसलेल्या जागेत पाच-सहा जण वळून बघतात आणि रांग लागते. त्या व्यक्तीला तुमच्या एकट्याला नव्हे, त्या सगळ्या रांगेला तोंड द्यावं लागतं. सहीसाठी मान खाली जाते, आवाज होत नाही, गर्दीला खूण मिळत नाही.

दोन वाक्यं कोणती, हेही महत्त्वाचं आहे. 'तुमचं सगळं काम आवडतं' यावर 'धन्यवाद' सोडून समोरच्याला काही बोलता येत नाही. त्याऐवजी एकच नेमकी गोष्ट सांगा: अमुक सामन्यातलं ते षटक, अमुक भूमिकेतला शब्दांविनाचा प्रसंग, पुस्तकातलं एखादं प्रकरण. दुसरं वाक्य निरोपाचं, 'तुमचा वेळ घेत नाही' एवढंच. ते तुम्ही आधी उच्चारलंत की समोरचा मोकळा होतो, आणि कित्येकदा त्यानंतरच खरं बोलणं सुरू होतं. मागण्या नकोत. विशेषतः संहिता, चाल, कथेची कल्पना हातात ठेवू नका. पुढे 'माझी कल्पना चोरली' असा दावा होऊ शकतो, म्हणून व्यावसायिक लोक न मागितलेलं साहित्य हातातही घेत नाहीत. तो उद्धटपणा नव्हे.

---

भिंग

असहमत. मिनिट लागतं ते तयारी नसते म्हणून. तयारी असेल तर फोटो दहा सेकंदांत होतो आणि सहीपेक्षा लवकर आटोपतो.

होकार मिळाल्यावर फोन बाहेर काढा, पण कॅमेरा कुलपाच्या पडद्यावरूनच (लॉक स्क्रीन) उघडा. बहुतेक फोनांत त्याची सोय असते. भिंगावरचा खिशातला चिकटपणा कापडानं पुसा, नाहीतर दिव्यांभोवती धुरकट वलयं येतात. मागे खिडकी किंवा दिवा असेल तर चेहरे काळे पडतात. त्या व्यक्तीला हलवू नका, तुम्ही स्वतः तिच्या अशा बाजूला जा की उजेड दोघांच्या तोंडावर पडेल. फ्लॅश बंद.

सेल्फी शक्यतो टाळा. हातभर अंतरावरून रुंद कोनाच्या भिंगानं जवळचं नाक मोठं दिसतं आणि कडेचा चेहरा ताणला जातो. कडेला बहुधा पाहुणाच असतो! तिसऱ्या माणसानं दीड-दोन मीटरवरून, दुप्पट झूमवर काढलेला फोटो कितीतरी बरा. त्याला एकच सांगा: 'बटण लागोपाठ चार-पाच वेळा दाबा.' मिटलेल्या डोळ्यांचा प्रश्न तिथेच सुटतो, 'अजून एक' म्हणायची पाळी येत नाही. पार्श्वभूमी धूसर करणारी सोय वापरू नका. घाईत ती केस आणि चष्म्याच्या कडा खाऊन टाकते.

दुसरं असं की, बोलताना घाबरणाऱ्या माणसाला दोन नेमकी वाक्यं सुचत नाहीत. त्याच्यासाठी फोटो हाच सोपा, दोघांनाही ठाऊक असलेला व्यवहार आहे. तो त्याच्याकडून काढून घेऊ नका.

---

कडेकोट

अंगरक्षणाच्या बाजूनं लिहितो. फोटो की सही, हा आमच्या दृष्टीनं दुय्यम प्रश्न. आधी बघितले जातात हात.

तुमचा हात बॅगेत किंवा कोटाच्या आत असताना तुम्ही जवळ येत असाल, तर बाहेर पेन येणार आहे की आणखी काही, हे कुणालाच कळत नाही. म्हणून दोन हात लांब थांबायचं, हात दिसते ठेवायचे, आधी विचारायचं आणि होकारानंतरच वस्तू काढायची. मागून येऊ नका, चालत्या माणसाच्या बरोबरीनं चालत विचारू नका. सोबत कुणी असेल तर प्रश्न त्यांना करा. तेच 'आत्ता नको' म्हणतात आणि त्या व्यक्तीला नकार द्यावा लागत नाही.

जागा पाहा. दार, जिना, लिफ्ट, गाडीत बसण्याचा क्षण, इथे वाट अरुंद असते आणि रक्षक सर्वांत ताणात असतात. नकार तिथे हमखास मिळतो. सगळेच उभे राहून वाट पाहत असतात अशा मोकळ्या जागी होकाराची शक्यता जास्त. जेवताना, फोनवर असताना, मुलांसोबत असताना, रुग्णालयात, अंत्यविधीला आणि स्वच्छतागृहात कधीही नाही.

धागाकर्त्याला सही निरुपद्रवी वाटते, म्हणून एक आठवण. ८ डिसेंबर १९८० ला न्यूयॉर्कमध्ये मार्क चॅपमननं घराबाहेर बीटल्सचे गायक जॉन लेनन यांच्याकडून ध्वनिमुद्रिकेवर सही घेतली आणि त्याच रात्री तिथेच त्यांना गोळ्या घातल्या. १९८९ मध्ये रिबेका शेफर या तरुण अभिनेत्रीला एका चाहत्यानं लॉस एंजेलिसमध्ये घराच्या दारात मारलं. त्यानंतर १९९० मध्ये कॅलिफोर्नियानं पाठलागाविरुद्ध स्वतंत्र कायदा केला. एकच चेहरा दिवसात दोनदा दिसला की रक्षक सावध होतात, ते याच कारणानं. एकदा भेट झाली की पुन्हा त्याच वाटेवर थांबू नका. आणि घर ही भेटीची जागा नव्हेच, पत्ता योगायोगानं कळला असला तरीसुद्धा.

---

शाईदौत

फोटोवाल्यांनी तयारी सांगितली, आता सहीची ऐका. बहुतेक सह्या बिघडतात त्या चुकीच्या पेनामुळे.

साध्या कागदावर किंवा पुस्तकाच्या शीर्षकपानावर बॉलपेन चांगलं. गुळगुळीत छायाचित्रावर बॉलपेन घसरतं आणि ओरखडा ठेवतं. तिथे बारीक टोकाचा कायम शाईचा मार्कर हवा. तोच मार्कर पातळ कागदावर मागच्या पानापर्यंत उतरतो. काळ्या पृष्ठभागावर चंदेरी रंगाचं पेन, पण ते आधी हलवून, टोक दाबून रंग उतरवून ठेवावं लागतं. पाहुण्याच्या हातात कोरडं पेन गेलं तर पहिली रेघ उमटतच नाही आणि दुसऱ्यांदा कुणी सही करत नाही. पांढऱ्या चामड्याच्या चेंडूवर मार्करची शाई फुटते, बॉलपेन टिकतं. तेल लावलेल्या बॅटवर शाई पसरते, कोरडा भाग निवडा.

पुस्तक उघडं करून, खाली टणक आधार देऊन पुढे धरा. कोरा कागद देत असाल तर लहान द्या. मोठ्या कोऱ्या पानाच्या तळाशी सही करायला जाणकार माणसं तयार होत नाहीत, कारण वर काहीही मजकूर लिहिता येतो. बँकेतली सही आणि चाहत्यांसाठीची सही वेगळी ठेवणारेही पुष्कळ. त्यामुळे 'ही खरी नाही' असा वाद तिथे घालू नका.

शाई दोन-तीन मिनिटं वाळू द्या, मग मिटा. घरी आल्यावर लॅमिनेशन करू नका, उष्णता आणि चिकट थर शाईचं नुकसान करतात, आणि ते परत उलगडता येत नाही. पीव्हीसीच्या पिशव्यांतलं प्लास्टिक मऊ ठेवणारं द्रव्य काळानुसार बाहेर पडतं आणि शाई ओढून घेतं. पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिस्टरची पिशवी, आत आम्लरहित कागद, उन्हापासून लांब. भिंतीवर लावायचीच असेल तर रंगीत प्रत लावा, मूळ सही अंधारात ठेवा.

---

रोखठोक

सही निरागस राहिलेली नाही, हे इथे कुणी म्हणत नाही म्हणून लिहितो. नील आर्मस्ट्राँग यांनी १९९४ मध्ये सह्या देणं थांबवलं, कारण त्या महागात विकल्या जात होत्या आणि खोट्याही फिरत होत्या. बीटल्सचा ड्रमवादक रिंगो स्टारनं २००८ मध्ये जाहीर केलं की २० ऑक्टोबरनंतर आलेल्या वस्तूंवर सही करणार नाही. यंत्रानं सही उमटवण्याची पद्धतही आहे. गायक बॉब डिलनना २०२२ मध्ये 'हातानं केलेल्या सह्या' म्हणून विकलेल्या, पण यंत्रानं सही उमटवलेल्या प्रतींबद्दल माफी मागावी लागली. मग प्रत्येक सही मागणारा विक्रेता वाटला तर नवल काय? फोटोत तुमचा चेहरा असतो, तो दुसऱ्याला विकून काय मिळणार? फोटो जास्त प्रामाणिक आहे.

---

शाईदौत

@रोखठोक, विक्रीचा मुद्दा खरा आहे, पण त्याला सोपा उपाय आहे. 'माझं नाव घालून द्या' म्हणा. नाव घातलेल्या सहीला बाजारात मागणी कमी, म्हणून विक्रेते नाव घालू देत नाहीत. नाव कागदाच्या चिठ्ठीवर आधीच सुवाच्य लिहून पुढे ठेवा, म्हणजे स्पेलिंग विचारण्यात वेळ जात नाही. एकच वस्तू द्या. चार सारख्या छायाचित्रांचा गठ्ठा काढलात तर संशय येणारच.

---

कलम_उपकलम

'सार्वजनिक जागा आहे, परवानगी कशाला' हा समज पुष्कळांच्या मनात असतो. तो अर्धवट आहे. मोनॅकोच्या राजकन्या कॅरोलिन यांच्या खटल्यात २००४ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयानं ठरवलं की सार्वजनिक जागी काढलेल्या रोजच्या जगण्यातल्या छायाचित्रांनीही खासगीपणाचा भंग होऊ शकतो. २०१२ च्या दुसऱ्या निकालात मात्र त्याच न्यायालयानं त्यांच्या आजारी वडिलांच्या बातमीसोबतचं सुट्टीतलं छायाचित्र चालवून घेतलं, कारण बातमीला सार्वजनिक महत्त्व होतं. म्हणजे जागेपेक्षा कारण तपासलं जातं. अमेरिकेत दृष्टी वेगळी आहे, पण तिथेही १९७३ मध्ये छायाचित्रकार रॉन गॅलेला यांना राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या पत्नी राहिलेल्या जॅकलिन ओनासिस यांच्यापासून २५ फूट लांब राहण्याचा आदेश कायम झाला होता.

फोटोच्या बाजूनं लिहिणाऱ्यांनी आणखी दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. फोटोचा हक्क बहुतेक देशांत बटण दाबणाऱ्याचा असतो, फोनच्या मालकाचा नव्हे. आणि 'होकार' मिळतो तो आठवणीसाठी. तोच फोटो दुकानाच्या फलकावर किंवा जाहिरातीत वापरायला वेगळी परवानगी लागते, बऱ्याच देशांत त्याविना दावा होतो.

---

आडवाट

तुम्ही सगळे 'कसं जावं' यावर बोलताय. मी म्हणते, जाऊच नये. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या अभ्यासकांनी १९५६ मध्येच या एकतर्फी जवळिकीचं वर्णन केलं होतं: पडद्यावरचा माणूस प्रेक्षकाला ओळखीचा वाटतो, प्रेक्षक मात्र त्याला पूर्ण अनोळखी. तुम्ही वीस वर्षांच्या मैत्रीनं पुढे होता, समोरच्यासाठी अनोळखी माणूस अंगावर येतो. ही दरी दोन वाक्यांनी बुजत नाही. दुरूनच मान हलवून ओळख द्यावी. तिकडून हसू आलं तर तेवढं पुरे.

त्यातून 'आपण मागे भेटलो होतो, ओळखलंत का?' हा प्रश्न तर कुणी विचारूच नये. चेहरे न ओळखता येण्याची अवस्था असलेली माणसं असतात. मज्जातज्ज्ञ ऑलिव्हर सॅक्स आणि चिंपांझींच्या अभ्यासक जेन गुडॉल दोघांनाही ती होती. आणि अंगाला हात लावणं नकोच. वादकांची बोटं, खांदे ही त्यांची उपजीविका असते. १९५९ मध्ये स्टाइनवे या पियानो बनवणाऱ्या कंपनीच्या एका कारागिरानं खांद्यावर थाप मारली म्हणून पियानोवादक ग्लेन गुल्डनी कंपनीवर दावा लावला होता.

---

भिंग

@आडवाट, स्पर्श आणि 'ओळखलंत का' याबद्दल शंभर टक्के सहमत. पण लांबूनच मान हलवायची हा नियम सगळ्यांना लावला तर जुन्या काळचे, आता फारसे न दिसणारे कलाकार आणि खेळाडू कुणी आपल्याला लक्षात ठेवलंय हे कधी ऐकणारच नाहीत. ज्यांना रोज शंभर जण गाठतात त्यांच्यावरून नियम करू नका. वैज्ञानिक, अनुवादक, नेपथ्यकार यांना रस्त्यात कुणी थांबवत नाही. त्यांच्याकडे जाऊन नेमकं बोललंच पाहिजे.

---

सावकाश

@भिंग, तयारीनं वेळ कमी होतो हे पटलं, गर्दीचा मुद्दा मात्र तसाच उभा आहे. तुमच्या दहा सेकंदांतही फोन वर जातोच. त्यामुळे माझं मत बदललेलं नाही.

एक गोष्ट मात्र फोटो मागण्यापेक्षाही वाईट, ती म्हणजे न मागता चोरून काढणं. फोन कानाला लावल्यासारखा करून, काच-आरशातून, शेजारच्या टेबलावरून. प्रसिद्ध माणसांना तो आपल्याला वाटतं त्याहून लवकर कळतो. मागून नकार ऐकणं केव्हाही चांगलं.

---

कडेकोट

चोरून काढण्यासोबत लगेच टाकण्याबद्दलही बोला. फोटोत जागेचे अक्षांश-रेखांश नोंदलेले असू शकतात. अनेक समाजमाध्यमं ते काढून टाकतात, पण मूळ फाइल म्हणून पाठवलेल्या फोटोत ते तसेच जातात. आणि अक्षांश नसले तरी मागची पाटी पुरेशी असते. ती व्यक्ती तिथून निघून गेल्यावर, शक्यतो दुसऱ्या दिवशी टाका, हॉटेल किंवा गाडीचा क्रमांक दिसत असेल तर कापून. आयफोनचा लाइव्ह फोटो बटणाच्या आधीचे आणि नंतरचे दीड-दीड सेकंद आवाजासह ठेवतो. त्यात खासगी बोलणं येतं, पाठवण्याआधी ती सोय बंद करा.

---

पायरीपाशी

मुलांचं काय? लहान मूल हट्ट धरून बसलं तर?

---

कडेकोट

मुलाला पुढे ढकलून तुमच्यासाठी फोटो मागू नका, ते लगेच ओळखू येतं. मुलाला खरोखर बोलायचं असेल तर तुम्ही विचारा, होकार आला की त्यालाच बोलू द्या. त्याच्या उंचीला वाकणं पाहुण्यावर सोडा, मुलाला उचलून त्यांच्या हातात देऊ नका. नकार आला तर मुलाला तिथल्या तिथे 'त्यांना आत्ता वेळ नाही' एवढंच सांगा, त्यांच्या कानावर जाईल अशी तक्रार नको. आणि फोटो झालाच तर इतर मुलं, विशेषतः त्या व्यक्तीची स्वतःची मुलं चौकटीत आलेली नाहीत ना, हे जाण्याआधी बघा. आली असतील तर तो फोटो त्यांच्या समोरच पुसून दाखवा, आणि 'अलीकडे हटवलेले' मधूनही काढा, कारण बऱ्याच फोनांत तो तिथे साधारण ३० दिवस पडून असतो.