विषय: जुने दिवाळी अंक – फाँट बदलून भागणार नाही

प्रेषक: अंक समिती

नमस्कार मंडळी,
जुने दिवाळी अंक संकेतस्थळावर चढवायला घेतले आहेत. २००१ ते २००७ च्या फायलींत मराठीऐवजी रोमन अक्षरं आणि विरामचिन्हंच दिसतात. पुढच्या अंकांत देवनागरी नीट दिसते, पण शोध घेतला की कितीतरी लेख सापडत नाहीत. सभासद-यादीत तर नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं आहेत. सगळ्याला एकच देवनागरी फाँट लावला तर चालेल का?

प्रेषक: संकेतस्थळ समिती

ताई,
कृपया एकही फाइल पुन्हा सेव्ह करू नका. मूळ प्रती आधी बाजूला ठेवा.

यादी बहुधा गेलीच. संगणक प्रत्येक अक्षर एका क्रमांकाने साठवतो. ज्या अक्षरसंचात देवनागरी नाही, अशा पश्चिम युरोपीय अक्षरसंचात ती साठवली गेली असणार. मग न बसणाऱ्या प्रत्येक अक्षराच्या जागी खरंखुरं प्रश्नचिन्ह लिहिलं जातं, मूळ क्रमांक उरतच नाही. बॅकअप शोधा. मात्र डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन 'ए' (à) पुन्हापुन्हा दिसला, तर घाबरू नका. यूटीएफ-८ मध्ये (सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणारं युनिकोड हे मानक फायलीत साठवायची पद्धत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं असतं आणि त्यातला पहिला बाइट कायम तोच. प्रोग्रॅम त्याला रोमन समजून वाचतोय, इतकंच. उघडताना यूटीएफ-८ निवडा.

जुन्या अंकांचं दुखणं मोठं आहे. तेव्हाचे फाँट म्हणजे रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर बसवलेले देवनागरी आकार. अर्धा 'क' वेगळा, काना वेगळा. पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी टंकलेली असते, युनिकोडमध्ये ती नंतर साठवतात. रफाराचं बरोबर उलट. त्यामुळे त्या विशिष्ट फाँटचा तक्ता असलेला परिवर्तकच (मजकूर युनिकोडमध्ये बदलणारा प्रोग्रॅम) लागेल, आणि तक्ता फाँटागणिक निराळा. भारतीय लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणारं भारतीय मानक ब्युरोचं इस्की हे मानक १९९१ पासून हाताशी होतं, तरी छपाईच्या जगात ज्याने त्याने आपले क्रमांक चालवले. लोकांनी रात्री जागून लिहिलेले लेख त्यापायी असे अडकून पडलेत, याचं मला फार वाईट वाटतं.

प्रेषक: माजी संपादक

शोधाबद्दल मी सांगतो. 'दुसऱ्या' हा शब्द दोन तऱ्हांनी साठवलेला असतो: एकात 'ऱ' (युनिकोड क्रमांक ०९३१) आणि हलन्त, दुसऱ्यात साधा 'र' (०९३०), हलन्त आणि शून्य रुंदीचा जोडक (अक्षरं कशी जोडायची ते सांगणारं, न दिसणारं चिन्ह). पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात, शोधयंत्राला मात्र ते वेगळे शब्द वाटतात. युनिकोडचं नॉर्मलायझेशनही (एकाच अक्षराची वेगवेगळी साठवण एकसारखी करायची ठरलेली प्रक्रिया) त्यांना एक करत नाही. तेच 'ॲ'चं. त्याला स्वतःचा क्रमांक (०९७२) २००८ साली, युनिकोड ५.१ मध्ये मिळाला. त्याआधी लोक 'अ'वर चंद्र देत, आणि काही कीबोर्ड अजूनही तसंच देतात. म्हणजे 'ॲमस्टरडॅम' शोधलं तर जुने लेख निसटणारच.

लेखांच्या मजकुराला हात लावू नका. शोधसूचीत आणि शोधपेटीत दोन्ही रूपं एकाच रूपात बदलून घ्या: 'ऱ'साठी ०९३१, 'ॲ'साठी ०९७२.

सभासद-यादीची जुनी प्रत माझ्याकडे आहे, आज पाठवतो. २००१ ते २००७ चे छापील अंकही आहेत. परिवर्तकातून निघालेला मजकूर त्यांच्याशी ताडून पाहायला दोघं-तिघं हवेत. जोडाक्षरं आणि लेखकांची नावं आधी तपासू.