‘ओव्हरफ्लो’: धरण भरणं की बांधाला खांड पडणं?

प्रश्न (अलिबाग)

मी इथल्या एका महाविद्यालयात संगणक शिकवतो. नेटवर्क-विश्लेषणाची टिपणं मराठीत लिहायला घेतली आहेत आणि ‘बफर ओव्हरफ्लो’पाशी चार दिवस अडकलो आहे.

आधी गोष्ट काय आहे ते सांगतो. वायरशार्क (१९९८ साली ‘इथीरिअल’ नावाने सुरू झालेलं, २००६ पासून या नावाचं) किंवा टीसीपीडंप ही सॉफ्टवेअरं वायरीवरून जाणारी पॅकेटं (माहितीचे छोटे गठ्ठे) उचलतात आणि उलगडून दाखवतात. पॅकेटातला मजकूर ठेवायला मेमरीत ठरावीक मापाची जागा राखलेली असते, तो बफर. सी ही प्रोग्रामिंगची भाषा हे माप आपणहून तपासत नाही, लिहिणाऱ्याने तपासायचं. तो विसरला आणि २५६ बाइटांच्या जागेत ४०० आले, तर उरलेले १४४ शेजारच्या जागेवर लिहिले जातात. त्या शेजारात ‘हे काम संपलं की कुठे परतायचं’ तो पत्ताही असू शकतो. तो बदलता आला की यंत्र हल्लेखोराचं.

वर्गात विचारलं, ओव्हरफ्लो म्हणजे काय? एक मुलगी लगेच म्हणाली, “धरण ओव्हरफ्लो झालं, म्हणजे आता पाण्याची चिंता नाही.” तिचं काही चुकलं नाही. दर पावसाळ्यात आपण हा शब्द आनंदाच्या बातमीतच वाचतो. मग त्यातला धोका मराठीत कसा आणायचा?

प्रतिसाद (रत्नागिरी)

सर, मराठी शब्दांचीही तीच गत आहे. ‘ओसंडणे’ घ्या: आनंद ओसंडतो, उत्साह ओसंडतो. ‘सांडवा’ तर मुद्दाम बांधलेला असतो, जास्तीचं पाणी सुखरूप जावं म्हणून. माझं मत ‘उतणे’ला. श्रावणातल्या कहाण्यांत “उतू नकोस, मातू नकोस, घेतला वसा टाकू नकोस” येतं, तिथे उतणं म्हणजे मर्यादा सोडणं. शब्दात दोष आहे, इशारा आहे. ‘बफर उतणे’ का नको?

प्रतिसाद (मालवण)

‘उतू जाणे’ म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे दूधच येतं. दूध उतू गेलं की दूध वाया जातं, चूल विझते. पण इथे नुकसान भांड्यातल्या जिनसाचं नाही, शेजारच्याचं आहे. शिवाय दूध आपोआप उततं, हे कोणीतरी मापून उतवतं. २ नोव्हेंबर १९८८ ला मॉरिस वर्म (यंत्रायंत्रांतून आपोआप पसरणारा प्रोग्राम) सुटला, तेव्हा फिंगर सेवेच्या (यंत्रावर कोण आहे ते सांगणाऱ्या) ५१२ बाइटांच्या बफरात ५३६ बाइट मुद्दाम पाठवले होते. नेमके, हवे तेवढेच जास्त.

आणि विश्लेषक सॉफ्टवेअरची गोष्ट आणखी वेगळी. त्याची तुलना मी रापणीशी, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याशी करेन. रापण ओढली की जे आलं ते आलं, बांगडा आला तसा शिंगाळाही आला, आणि शिंगाळा साफ करणाऱ्याच्याच हाताला काटा लागतो. मार्च २००४ मधला विटी वर्म तसाच. तो शिरला सुरक्षा-सॉफ्टवेअरमध्येच, आयसीक्यू या गप्पांच्या सेवेची पॅकेटं उलगडून तपासणाऱ्या भागातून. एकच यूडीपी पॅकेट (आधी जोडणी न करता पाठवता येणारं) पुरे होतं. सुमारे १२,००० यंत्रं गेली आणि त्या सगळ्यांवर हे सॉफ्टवेअर राखणीसाठीच बसवलेलं. मुलांना हे जरूर सांगा.

प्रतिसाद (पेण)

वरचं सगळं वाचताना मला आमची खारजमीन दिसत राहिली. खाडीच्या बाजूने बांध, आत भातशेती. धरणाचं पाणी गोडं, ते वरून गेलं तर लोक बघायला जातात. उधाणाचं पाणी बांधावरून आलं तर ते खारं असतं, शेतात बसतं, आणि पुढे काही वर्षं तिथे धड भात येत नाही. वडिलांच्या तोंडी ‘ओसंडलं’ मी कधी ऐकलं नाही. ते म्हणायचे, “खांड पडली,” म्हणजे बांध फुटून पाण्याला वाट झाली. दुसऱ्याच्या बांधाला पडलेल्या खांडीने आमचं शेत गेलं आहे, तेव्हा ‘शेजाऱ्याचं नुकसान’ म्हणजे काय ते मला समजावून सांगावं लागत नाही.

मात्र एक भेद पाळा. खांड हा परिणाम. त्याआधी बांधात खेकड्याने बीळ केलेलं असतं, त्याला आम्ही ‘कच्ची जागा’ म्हणतो. अमावास्या-पौर्णिमेच्या आधी माणसं बांधावरून फिरतात ती कच्च्या जागा शोधायला. ‘व्हल्नरेबिलिटी’ला शासकीय मराठीत ‘भेद्यता’ लिहितात, तो शब्द कानाला कोरडा लागतो. सॉफ्टवेअरमधली चूक ही कच्ची जागा, वेडंवाकडं पॅकेट हे उधाण, आणि ताबा गेला ती खांड. तीन गोष्टींना तीन शब्द, आणि तिन्ही आपल्याकडे आहेत.

मूळ प्रश्नकर्ता (अलिबाग)

दादा, हेच हवं होतं. नाव ‘बफर ओव्हरफ्लो’च ठेवतो, मुलांना ते पुढे जगभर भेटणार आहे. ‘उतणे’ मनापासून आवडला, पण दुधाचा आक्षेप मला मोडता येत नाही. टिपणातलं वाक्य असं केलंय:

‘पॅकेट स्वतःची लांबी सांगतं. त्यावर विश्वास ठेवून, जागा न मापता, मजकूर उतरवून घेणं ही कच्ची जागा. उधाण आलं की मजकूर बांध ओलांडतो आणि शेजारच्या मेमरीत खांड पडते.’

त्याखाली खबरदारीही लिहिली आहे: वायरशार्क संपूर्ण अधिकाराने चालवू नये. पकडण्याचं काम डंपकॅप हा छोटा प्रोग्राम अधिकार घेऊन करतो, उलगडण्याचं काम साध्या वापरकर्त्याच्या खात्यातून व्हावं. म्हणजे खांड पडली तरी सगळं शिवार जात नाही.

आता एकच उरलं. टीसीपीडंपच्या सप्टेंबर २०१७ मधल्या ४.९.२ आवृत्तीत ज्या ढीगभर दुरुस्त्या झाल्या, त्यातल्या बहुतेक उलट्या जातीच्या होत्या: बफराबाहेर लिहिणं नव्हे, बफराबाहेरचं वाचणं. आत काही शिरत नाही, आपलंच बाहेर दिसतं किंवा प्रोग्राम कोसळतो. त्याला काय म्हणावं?

प्रतिसाद (पेण)

उघाडी. बांधातलं ते दार ओहोटीला आतलं पाणी सोडण्यासाठीच असतं. नको तेव्हा उघडं राहिलं की लावणीचं गोडं पाणी खाडीत निघून जातं, बांध मात्र जागच्या जागी असतो. आम्ही म्हणतो, “उघाडी उघडी राहिली.”