बायोसमध्ये सीएसएम बंद केलं आणि पीसी विंडोजमध्ये जाईना

खटपट्या: काल रात्री विंडोज ११ टाकायचं म्हणून बायोसमध्ये (पीसी चालू होताना विंडोजच्याही आधी चालणारा प्रोग्रॅम) सीएसएम, म्हणजे जुन्या पद्धतीने बूट होऊ देणारी सोय, डिसेबल केलं, सिक्युअर बूट (फक्त खात्रीचं सॉफ्टवेअरच बूट होऊ देणारी सोय) चालू केलं, सेव्ह केलं, आणि तेव्हापासून चालू केला की सरळ बायोसच उघडतंय. एसएसडी दिसते पण बूटच्या यादीत काहीच नाही. उडाली का काय? सगळे फोटो त्यातच आहेत हो

जुनाखोका: घाबरू नका, डेटा जागच्या जागी आहे. तुमची विंडोज लेगसी मोडमध्ये, म्हणजे जुन्या बूट पद्धतीने, टाकलेली असणार, म्हणजे डिस्क एमबीआर (पार्टिशनची नोंद ठेवायची जुनी पद्धत), आणि सीएसएम नसलं की बोर्डाला अशी डिस्क बूट करता येत नाही. सिक्युअर बूट बंद करून सीएसएम परत चालू करा. आणि आता विंडोज परत टाकत बसू नका प्लीज

दुपारचा_चहा: नशीब स्क्रीन तरी दिसतेय. माझं ग्राफिक्स कार्ड इतकं जुनं की सीएसएम बंद केल्यावर मिट्ट काळोख, पंखे मात्र गरगर. शेवटी पॉवरची वायर काढून बोर्डावरचा सीआर२०३२ सेल पाच मिनिटं काढून ठेवला, सेटिंग मूळची झाली तेव्हा कुठे बायोस दिसलं

खटपट्या: चालू झाला!! पण मग ११ कसं टाकू?

जुनाखोका: आधी फोटोंचा बॅकअप. मग एमबीआर डिस्क जीपीटी या नव्या पद्धतीत बदलणारं विंडोजचंच एमबीआरटूजीपीटी टूल आहे, पहिल्यांदा नुसतं व्हॅलिडेट (काही न बदलता तपासणी) करून बघा, तीनपेक्षा जास्त पार्टिशन असतील तर ते अडतं. कन्व्हर्ट झालं की मगच सीएसएम बंद