मदत हवी आहे: सांगलीच्या पूरपट्ट्यातल्या जुन्या घरावर मजला चढवावा का?

नमस्कार मंडळी,

घर सांगलीत, कर्नाळ रस्त्याच्या बाजूला. १९८८ चं बांधकाम, तळमजला आणि वर मोकळी गच्ची. बाबांनी एसटीत असताना सोसायटीचं कर्ज काढून बांधलं. साडेआठशे चौरस फूट, नऊ इंची विटांच्या भिंती आणि त्यांच्यावर थेट स्लॅब. कॉलम एकही नाही. जोतं तीन फूट, कारण त्या वेळी तेवढं पुरेल असं सगळ्यांनाच वाटायचं.

२००५ ला पाणी घरात आलं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पातळी साडेसत्तावन्न फुटांवर गेली (धोक्याची पातळी ४५), तेव्हा आमच्या हॉलमध्ये पाणी ट्यूबलाइटच्या खाली वीतभर राहिलं होतं आणि आठवडाभर हललं नाही. २०२१ च्या जुलैत परत, खिडकीच्या चौकटीपर्यंत. आता पाऊस लागला की आई आधी पिठाचे डबे माळ्यावर टाकते आणि मग पेपरात कोयनेचा विसर्ग बघते.

घरात आई-बाबा, मी, बायको आणि दोन मुलं. मोठी यंदा दहावीला. जागा तशीही कमी पडतेच, पण मजल्याचा विषय निघाला तो पुरामुळे. वर दोन खोल्या, स्वयंपाकाची सोय आणि संडास-बाथरूम असलं तर पुरात नातेवाइकांकडे पथारी टाकायला जावं लागणार नाही.

तीन जणांना घर दाखवलं. ठेकेदार म्हणाला, "भिंती नऊ इंची आहेत साहेब, डोळे झाकून चढवा." त्याचा दर चौरस फुटाला १९०० रुपये, म्हणजे सोळा लाखांच्या वर. जिना, वायरिंग, टाकी धरून मी वीस धरतोय. दुसरे एक इंजिनिअर आले. त्यांनी भिंतींवर बोटं वाजवली आणि म्हणाले, या भिंतींवर काही ठेवू नका, बाहेरून स्वतंत्र कॉलम उचला. तिसऱ्याचं मत, पाडून नवीन बांधा, खाली नुसतं पार्किंग ठेवा. तिघेही अनुभवी माणसं. माझं डोकं चालेना.

दादा पुण्यात असतो. त्याचं म्हणणं, घर विका आणि विश्रामबागेकडे फ्लॅट घ्या. बाबांसमोर हे बोलायची सोय नाही. "पाणी आलं म्हणून घर सोडलं, हे माझ्या माघारी करा," एवढंच बोलून ते पेपर उघडतात.

एक गोष्ट सांगायची राहिली. वायव्येच्या खोलीत खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातून छताकडे तिरपी भेग गेली आहे. पोस्टकार्ड सरकेल एवढी. उन्हाळ्यात मोठी दिसते, पावसाळ्यात जवळजवळ मिटते. गिलाव्याची भेग आहे असं ठेकेदार म्हणतो. तिच्याकडे बघून मजल्याचा निर्णय घेता येतो का? आणि मजला झालाच तर तो आई-बाबांच्या उपयोगाचा कसा करायचा? बाबांचे गुडघे गेलेत, ते सध्या गच्चीवरसुद्धा जात नाहीत.

— कृष्णाकाठचा

विटवाळू

ठेकेदाराला चहा पाजा आणि परत पाठवा. उन्हाळ्यात उघडणारी आणि पावसाळ्यात मिटणारी भेग गिलाव्याची नसते. तुमच्याकडे काळी माती आहे. ती पाणी पिऊन फुगते, वाळली की आकसते आणि वरचा पाया वर-खाली होतो. खिडकीचा कोपरा हा भिंतीतला कमजोर भाग, म्हणून भेग तिथून निघते.

आज एक काम करा. भेगेवर आडवी काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना सिमेंटने चिकटवा आणि बाजूला पेन्सिलने तारीख लिहा. पट्टी तडकली तर भेग अजून जिवंत आहे. मात्र पूर्ण एक उन्हाळा आणि एक पावसाळा गेल्याशिवाय निष्कर्ष काढू नका.

दुसरं, भिंतीलगत बाहेरून दोन ठिकाणी खड्डा घ्या, एक भेगेच्या कोपऱ्यात आणि एक समोरच्या बाजूला. पाया किती खोल, किती रुंद, खाली मुरूम लागतो की काळीच, हे डोळ्यांनी बघा. दोन मजुरांचं एका दिवसाचं काम आहे. पाया उघडा पडेल इतपतच खणा, पूर्ण लांबीत चर मारू नका, आणि बघून झालं की दाबून भरून घ्या.

आता वजनाचं. विटेची नऊ इंची, दहा फूट उंच भिंत दर धावत्या मीटरला सव्वा टनाच्या वर भरते. पाच इंची स्लॅब दर चौरस मीटरला तीनशे किलोच्या वर, फरशी आणि माणसं वेगळी. हे सगळं १९८८ मध्ये एका मजल्यासाठी घातलेल्या पायावर जाणार. भिंत कदाचित सोसेल. नऊ इंची भिंतींवर दोन मजले उभे असलेली घरं आपल्याकडे पुष्कळ आहेत, त्यामुळे ठेकेदार अगदीच खोटं बोलत नाहीये. पण त्याने भिंत बघितली, जमीन बघितली नाही. त्यात तुमचा पाया तीनदा पुराच्या पाण्यात बुडून निघालाय.

स्लॅबच्या खालच्या बाजूला कुठे पोपडे, गंजाचे तांबूस डाग दिसतात का? दिसत असतील तर हातोडीची चाचणी (रिबाउंड हॅमर) आणि अल्ट्रासॉनिक चाचणी दोन्ही करून घ्या. नुसती हातोडी पृष्ठभागाचंच सांगते.

कृष्णाकाठचा

मनापासून आभार. मोरीच्या वर आणि स्वयंपाकघरात डाग आहेत. एका ठिकाणी सळई उघडी पडली होती, तिथे बाबांनी सिमेंट लावून घेतलं होतं. पट्टी लावतो.

निवांत

एवढं इंजिनिअरिंग कशाला? आमच्या शेजाऱ्यांनी असाच मजला चढवला, वीस वर्षं झाली, ढिम्म हललं नाही.

विटवाळू

@निवांत, शेजाऱ्यांच्या घराखाली काय आहे? मुरूम असेल तर मीही चढवा म्हणेन. आणि आपल्या भागाला कोयनेचे धक्के अधूनमधून जाणवतात हेही लक्षात असू द्या. १९६७ चा भूकंप पाहिलेली माणसं अजून घरोघरी आहेत. विटांच्या जुन्या घरात दरवाजे-खिडक्यांच्या वरून सलग फिरणारा काँक्रीटचा पट्टा बहुतेक वेळा नसतोच. अशा घराचं वजन वरच्या बाजूला वाढवणं म्हणजे हादऱ्याला आमंत्रण.

गावभागातली

दादा, आम्ही २०१९ नंतर मजला चढवला. आमचं घर कॉलमचं होतं, त्यामुळे बांधकामावर मी बोलत नाही. राहण्याबद्दल सांगते, ते इंजिनिअर सांगत नाहीत.

जिना आतून घ्या. बाहेरून घेतला तर वरचा मजला भाड्याने देता येतो म्हणून सगळे बाहेरून घ्या म्हणतात. पण पाणी चढतं ते बहुधा रात्री. कंबरभर पाण्यात, अंधारात मागच्या बाजूने जाऊन सिलेंडर वर नेणं काय असतं ते आम्ही २०१९ ला केलंय, तेव्हा गच्चीचा जिना बाहेरून होता. आतला जिना असला की आपण तासाभरात सगळं वर टाकतो. बाबांसाठी पायरी सहा इंचांपेक्षा उंच नको, रुंदी फूटभर, मधे चौथरा आणि दोन्ही बाजूंना कठडा. मिस्त्री जागा वाचवायला साडेसात इंचांची पायरी मारतो, तेव्हा स्वतः टेप घेऊन उभे राहा.

वरच्या संडासाचं आधी ठरवा. सेप्टिक टँक पाण्याखाली गेला की वरचा संडास असून नसल्यासारखा, पाणी खालूनच उलटं येतं. आम्ही पाइपला उलटं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह बसवला. त्याने घाण घरात येत नाही, पण टँक बुडालेला असताना वरून पाणी सोडताही येत नाही. ते दिवस कसे काढायचे याचा विचार करून ठेवा. मीटर आणि मेन स्विच वर चढवून घ्या, खालच्या मजल्याचं वायरिंग वेगळं करा, म्हणजे खालचं बंद करून वर दिवा लावता येतो. अर्थात वीज कंपनी सगळ्या भागाचीच वीज तोडते, पण पाणी ओसरल्यावर आधी वरचं तरी सुरू करता येतं.

वकीलकाकू

खर्च कोण करणार आणि घर कोणाच्या नावावर? बाबांच्या नावावर असेल आणि पैसे तुमचे असतील, तर नुसते पैसे घातल्याने वरचा मजला तुमचा होत नाही. आज दादाशी गोडी आहे. उद्या वहिनी, मुलं, जावई येतात. बाबा हयात आहेत तोवर त्यांच्याच तोंडून ठरवून घ्या आणि नोंदणीकृत मृत्युपत्र किंवा बक्षीसपत्र करा. वडिलांनी मुलाला राहतं घर बक्षीस दिलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क नाममात्रच लागतं, अधिभार आणि नोंदणीचा खर्च वेगळा. मृत्युपत्राला मुद्रांकच लागत नाही. हे दादाला माहीत असू द्या, लपवून करू नका.

दुसरं, प्लॉट गुंठेवारीचा, म्हणजे मंजुरीशिवाय गुंठ्या-गुंठ्याचे तुकडे पाडून विकलेल्या जमिनीतला, आहे का? त्या भागात बरेच आहेत. गुंठेवारीचा कायदा २००१ चा, २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामं त्यात आली. पण खालचं घर नियमित झालेलं नसेल तर वरच्या मजल्याला परवानगी मिळणार नाही आणि परवानगीशिवाय बँक कर्ज देणार नाही.

आणि पूररेषा. निळ्या रेषेच्या आत नवीन बांधकामाला बंदी आहे. निळ्या आणि लाल रेषेच्या मधे असाल तर बांधकाम लाल रेषेच्या पातळीपेक्षा ४५ सेंटीमीटर वर घ्यावं लागतं. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. घर पाडायचा सल्ला ऐकण्याआधी महापालिकेत नकाशावर आपला प्लॉट कुठे पडतो ते बघा. नाहीतर जुनं पाडलं आणि नवीन होईना, अशी गत.

मिरजेचा पुणेकर

जॅक लावून अख्खं घर उचलतात, तो पर्याय बघितलात का? हरियाणातली मंडळी करतात.

विटवाळू

होतं, पण भेगाळलेल्या विटांच्या घराला आणि गंजलेल्या स्लॅबला मी ते सुचवणार नाही. शिवाय चार-पाच फूट उचललं तरी २०१९ चं पाणी हॉलमध्ये येणारच होतं.

कृष्णाकाठचा

सगळ्यांचे आभार. प्रगती कळवतो.

महापालिकेत जाऊन आलो. प्लॉट गुंठेवारीचा, पण तो नियमित झाल्याचा दाखला बाबांनी काढून ठेवलेला निघाला, एसटीच्या जुन्या पासच्या पाकिटात. प्लॉट दोन्ही रेषांच्या मधे येतो. म्हणजे नवीन बांधायचं तर लाल रेषेच्याही वर घ्यावं लागणार, त्यामुळे पाडायचा विषय संपला.

खड्डे घेतले. पाया पावणेचार फूट, रुंदी दोन फूट, खाली दोन्हीकडे काळीच माती. भेगेच्या कोपऱ्यात तर कुदळीला चिकटून येत होती. काचेची पट्टी अजून शाबूत आहे, पण उन्हाळा अजून यायचाय. दुसऱ्या इंजिनिअरांना परत बोलावलं. ते म्हणाले, बाहेरून आठ कॉलम, प्रत्येकाचा पाया मुरुमापर्यंत, वरचा मजला पूर्ण त्या सांगाड्यावर. खालच्या स्लॅबवर एक किलोही नाही, मधे वीतभर फट. भिंती विटांऐवजी सहा इंची एएसी ब्लॉकच्या (सिमेंटचे सच्छिद्र, हलके ठोकळे), ती भिंत प्लास्टरसकट मीटरला अर्ध्या टनाच्या आत बसते. खालचं घर जसं आहे तसं राहील, आणि कधी ते पाडावं लागलं तरी वरचं उभं राहील.

हे ऐकून बाबा पहिल्यांदा खुर्ची घेऊन अंगणात आले आणि कॉलम कुठे येणार ते विचारलं. तुळशीवृंदावनाच्या जागी एक येतोय. त्यावर आईचं आणि इंजिनिअरांचं बोलणं चालू आहे.

दादाला वकीलकाकूंचा प्रतिसाद जसाच्या तसा पाठवला. शनिवारी येतोय.

आता अडलंय ते पैशाचं. सांगाडा धरून अंदाज सत्तावीस लाखांवर गेला. कुपवाडच्या नोकरीत माझं कर्ज अठरापर्यंत बसतं. त्यामुळे यंदा फक्त पाया, कॉलम, वरचा स्लॅब आणि आतला जिना करायचा, आणि वर तात्पुरतं रंगीत पत्र्याच्या आडोशाने राहायचं, असा विचार आहे. सांगली-कोल्हापूर भागात नुसत्या सांगाड्याचं काम कोणी केलं असेल तर दर कसा लागला? लोखंड आणि सिमेंट स्वतः आणून मजुरी वेगळी द्यावी, की सगळंच ठेकेदारावर सोपवावं? आणि काळ्या मातीत मुरुमापर्यंत जायला तुमच्याकडे किती फूट खणावं लागलं?