डावा टायर आतून खातोय, ऑफसेट बॉल जॉइंट बसवू का?

मोहोळचा कांदेवाला

नमस्कार मंडळी. माझं पिकअप जुनं आहे, पुढे डबल विशबोन (चाक धरणारे वरचा आणि खालचा असे दोन आर्म) आणि टॉर्शन बार (पीळ खाऊन स्प्रिंगचं काम करणारा दांडा). मोहोळहून सोलापूरच्या सिद्धेश्वर मार्केट यार्डात कांदा नेतो. पुढचा डावा टायर आतल्या काठानं संपतोय. बाहेरची नक्षी कोरी करकरीत, पण गाडीखाली झोपून आतून हात फिरवला तर तारा बोटाला टोचतात. हा दुसरा टायर.

तीन ठिकाणी अलाइनमेंट केलं. प्रत्येक जण टायरॉड (स्टिअरिंगचा दांडा) फिरवून टो, म्हणजे चाकांची तोंडं आत की बाहेर ते, जुळवतो, स्टिअरिंग सरळ करतो आणि म्हणतो, "हिचा कॅम्बर सेट होत नाही." कॅम्बर म्हणजे चाकाचा माथा आत-बाहेर झुकणं, आत झुकला की उणे. शेवटच्या कागदावर डावा कॅम्बर उणे १.८ अंश, उजवा उणे ०.३. कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा पुढे-मागे कल) डावा १.४, उजवा २.६. टो बरोबर. मोकळ्या रस्त्यावरही गाडी डावीकडे ओढते. अप्पर आर्मच्या शिम (बुडाशी घालायच्या पातळ पट्ट्या) बघितल्या, डावीकडे हलवायला जागाच उरलेली नाही.

एक जण म्हणाला, आर्म गॅसनं तापवून ओढून देतो. मन तयार होईना. दुसऱ्यानं ऑफसेट बॉल जॉइंट सुचवला. तो नेमका काय असतो? ओझ्याच्या गाडीला चालतो का?

होटगी रोडचा मिस्त्री

मालक, आधी हात जोडून सांगतो, आर्म तापवू देऊ नका. तापवून वाकवलेल्या लोखंडाची ताकद किती उरली हे वरून दिसत नाही. आर्म तुटला तर चाक गाडीखाली आडवं होतं. भरलेल्या गाडीला हायवेवर ते झालं तर पुढचं मला लिहवत नाही.

बॉल जॉइंट आर्मचं टोक चाकाच्या बैठकीला जोडतो. ऑफसेट जॉइंट म्हणजे ज्याचा खुंट मधोमध नसून जरा एका बाजूला असतो तो. जॉइंट वरच्या आर्मच्या भोकात फिरवून बसवला की खुंट त्या दिशेला सरकतो, चाकाचा माथाही त्याबरोबर जातो. खुंट बाहेर गेला की कॅम्बर उण्याकडून शून्याकडे येतो, मागे गेला की कॅस्टर वाढतो. तिरका बसवला तर दोन्ही थोडे थोडे मिळतात. वरच्या आणि खालच्या जॉइंटमध्ये २५० मिमी अंतर धरलं तर ५ मिमी सरकल्यावर सव्वा अंशाच्या आतच फरक पडतो. म्हणजे तुमचा दीड अंशाचा फरक एकट्या जॉइंटच्या गळ्यात घालून भागणार नाही. तसा घालूही नये.

तुमचा कागद मला दुसरंच सांगतोय. नुसता कॅम्बर बघितला तर गाडी उजवीकडे ओढायला हवी, कारण ती ज्या बाजूचा कॅम्बर जास्त धन तिकडे जाते. ती डावीकडे जातेय ते कॅस्टरमुळे. ज्या बाजूला कॅस्टर कमी, तिकडे ओढ. डावीकडे १.२ अंशानं कमी आहे. म्हणजे खालचा आर्म मागे सरकलाय. बुश (आर्मच्या बुडातलं रबर) मेलं असेल नाहीतर आर्मनं खड्ड्यात मार खाल्ला असेल. पहार घालून हलवून बघा.

त्याच्याही आधी दोन्ही टायरची हवा सारखी करा आणि सपाट जागी चाकाच्या मध्यापासून मडगार्डपर्यंतचं अंतर मोजा. डावी बाजू बसलेली असेल तर टॉर्शन बार आवळून उंची जुळवा. गाडी बसली की या ठेवणीत कॅम्बर उण्याकडे जातोच. बेअरिंग आणि जॉइंटचा प्ले (ढिलेपणा) काढा. मग कॅस्टर, मग कॅम्बर, टो सगळ्यात शेवटी. वरचं काही हललं की टो बिघडतो.

विजापूर नाका

मशीनवर दर वेळी पैसे घालवू नका दादा. ओळंबा घ्या. दोरी टायरच्या फुगीर भागाला न लागेल अशी धरून रिमच्या वरच्या आणि खालच्या काठापर्यंतचं अंतर मोजा. दोन काठांत ४०० मिमी असतील तर ७ मिमीचा फरक म्हणजे १ अंश. पूर्ण अचूक नाही, पण काम पुढे सरकतंय का मागे, ते घरच्या अंगणात कळतं.

मोहोळचा कांदेवाला

काका, तुमच्या सांगण्याप्रमाणे केलं. डावी बाजू १८ मिमी बसली होती. उंची जुळवल्यावर कॅम्बर उणे १.१ वर आला. खालच्या आर्मचं पुढचं बुश काढलं तर रबर बोटानं सुटत होतं. नवं घातल्यावर डावा कॅस्टर २.४. ओढ तिथंच गेली.

उरलेल्या ०.८ अंशासाठी ऑफसेट जॉइंट आणला, ३.५ मिमीचा. फिटरनं प्रेसवर बसवला आणि ओळंबा लावला तर फरक कमी व्हायच्या ऐवजी वाढलेला. मशीनवर उणे १.९! जॉइंटच्या अंगावरची खूण आतल्या बाजूला आली होती. काढून, खूण बाहेर ठेवून पुन्हा दाबला. आता डावा उणे ०.३, उजव्याइतकाच. टो जुळवला, स्टिअरिंग सरळ आहे.

होटगी रोडचा मिस्त्री

छान झालं. पण एक सांगा, दुसऱ्यांदा दाबताना जॉइंट पहिल्याइतकाच घट्ट गेला का? सैल गेला असेल तर आर्मचं भोक मोठं झालंय, आर्म बदला. वेल्डिंगचा टाका मारून धरायचा प्रकार मी गॅरेजात चालू देत नाही. आणि खुंटाचा नट आवळल्यावर तो अडवणाऱ्या पिनचं भोक जुळलं नाही तर नट अजून पुढे न्यायचा, मागे सैल करायचा नाही.

मोहोळचा कांदेवाला

प्रेसला तेवढाच जोर लागला काका, मी शेजारीच उभा होतो. पिन नवी घातली. आज ४२ गोणी घेऊन यार्डात आलो, सावळेश्वर टोलच्या पुढे सरळ पट्ट्यात हात ढिला सोडला तर गाडी आपल्या पट्ट्यातच राहिली. नव्या टायरच्या आतल्या आणि बाहेरच्या खाचेची खोली वहीत लिहून ठेवलीय. हजार किलोमीटरला पुन्हा मोजून इथंच टाकतो.