निकाल आधीच ठरलेला असताना ‘हॉल ऑफ फेम’चा सन्मान नेमका कशाचा?

पारावरचा (प्रश्न)

आमच्या घरी डब्ल्यूडब्ल्यूई या अमेरिकी कंपनीच्या (म्हणजे पूर्वीच्या डब्ल्यूडब्ल्यूएफच्या) कुस्त्या दोन पिढ्यांपासून आवडीने पाहिल्या जातात. दि ग्रेट खली, म्हणजेच हिमाचल प्रदेशातील दलिप सिंग राणा, यांना 2021 मध्ये त्या संस्थेच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये, म्हणजे नामवंतांच्या मानाच्या यादीत, स्थान मिळाले, याचा आम्हाला मनापासून आनंद झाला होता. परवा तो विषय पुन्हा निघाला, तेव्हा तरुणपणी तालमीत घाम गाळलेल्या माझ्या काकांनी विचारले, की कोण जिंकणार हे जिथे आधीच ठरलेले असते, त्या लुटुपुटूच्या कुस्तीत पराक्रम तो कसला आणि त्याचा गौरव तरी कशासाठी? मला त्यांना नीट उत्तर देता आले नाही. ही निवड कोण करते, तिचे निकष कोणते, आणि ज्यांच्या नावावर आपल्याकडची जुनी पिढी जीव टाकत असे त्या दारा सिंग यांचे नाव त्या यादीत आहे का, हे जाणकारांनी सांगावे.

तांबडीमाती

निवडीपुरते बोलायचे तर काकांच्या शंकेला आधार आहे, हे आधीच मान्य करतो. डब्ल्यूडब्ल्यूईचा हॉल ऑफ फेम ही कंपनीची स्वतःची योजना आहे. तिथे जाहीर मतदान होत नाही आणि किती लढती जिंकल्या म्हणजे माणूस पात्र ठरतो असा काही नियमही नाही. 1993 च्या जानेवारीत आंद्रे द जायंट या महाकाय कुस्तीगीराचे निधन झाले, त्यांच्या स्मरणार्थ हा मान सुरू झाला, आणि त्या वर्षी ते एकटेच मानकरी होते. 1996 नंतर ही प्रथा बंद पडली. 2004 मध्ये ती पुन्हा सुरू झाली आणि तेव्हापासून तिचा सोहळा रेसलमेनिया या कंपनीच्या वर्षातल्या सर्वांत मोठ्या कार्यक्रमाला जोडून होतो. नावात ‘हॉल’ असला तरी लोकांनी जाऊन पाहावे असे कायमस्वरूपी दालन कंपनीने उभारलेले नाही. शिवाय नामवंत पाहुण्यांसाठी वेगळा विभाग आहे, ज्यात 2013 साली डोनाल्ड ट्रम्प यांनाही घेतले गेले.

एवढे असूनही हा सन्मान पोकळ आहे असे मी म्हणणार नाही. 1987 च्या रेसलमेनियात तेव्हाचे लोकप्रिय कुस्तीगीर हल्क होगन यांनी आंद्रे यांना उचलून आपटले, तो क्षण आपल्यापैकी अनेकांनी पाहिलेला असेल. आंद्रे तेव्हा चाळिशीत होते, शरीराची वाढ न थांबणाऱ्या व्याधीने जर्जर झाले होते, पाठीवर शस्त्रक्रिया झालेली होती आणि पोशाखाच्या आत त्यांनी पाठीला आधार देणारा पट्टा बांधलेला होता. एवढ्या प्रचंड देहाला त्याच्या सहकार्याशिवाय कोणीही उचलू शकले नसते. स्वतःची दुखरी पाठ दुसऱ्याच्या हवाली करून, वर्षानुवर्षे जपलेले अजिंक्यपण त्याच्या पदरात टाकायचे, आणि समोरच्या हजारो प्रेक्षकांना श्वास रोखायला लावायचा, याला जे कसब आणि जी छाती लागते, तिचा हा गौरव आहे. निकाल ठरलेला असतो, पण आपटणे खरेच असते.

मतदानाने होणारी निवड पाहायची असेल, तर पत्रकार डेव्ह मेल्टझर यांच्या ‘रेसलिंग ऑब्झर्व्हर’ या वृत्तपत्रिकेने 1996 पासून चालवलेला हॉल ऑफ फेम पाहावा. तिथे आजी-माजी कुस्तीगीर, पत्रकार आणि इतिहासाचे अभ्यासक मत देतात, आणि प्रवेशासाठी 60 टक्के मते मिळवावी लागतात. अभ्यासू चाहते त्या यादीला अधिक वजन देतात, आणि माझेही मत तेच आहे.

जुनी_फीत

पारावरचा यांच्या काकांना मी जुन्या काळचे कुस्तीगीर ब्रुनो सॅमार्टिनो यांची हकिकत सांगेन, कारण या सन्मानाचे मोल आणि त्याची मर्यादा या दोन्ही गोष्टी तिच्यातून कळतात.

सॅमार्टिनो यांचा जन्म इटलीतल्या पिझ्झोफेराटो या डोंगराळ गावातला. दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्यापासून जीव वाचवण्यासाठी त्यांची आई मुलांना घेऊन डोंगरात लपून राहिली होती, आणि अमेरिकेत पिट्सबर्गला पोहोचलेला हा मुलगा इतका अशक्त होता की शाळेतली पोरे त्याला मारत असत. त्याने व्यायामाने देह कमावला आणि 17 मे 1963 रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डन या सभागृहात बडी रॉजर्स यांना मिनिटाच्या आत हरवून विजेतेपदाचा पट्टा मिळवला. तो पट्टा त्यांच्याकडे 1971 च्या जानेवारीपर्यंत, म्हणजे साडेसात वर्षांहून अधिक काळ राहिला. ज्या रात्री इव्हान कोलोफ यांनी त्यांना चीत केले, त्या रात्री ते भरलेले सभागृह इतके गप्प झाले की आपल्या कानांनाच काही इजा झाली असावी, असे सॅमार्टिनो यांना वाटले. ही आठवण त्यांनी स्वतः अनेकदा सांगितली होती. त्या शांततेत काही प्रेक्षक रडत होते. निकाल कागदावर ठरला होता, पण त्यांचे रडणे कोणी ठरवले नव्हते. पुढे 1976 मध्ये स्टॅन हॅन्सन यांच्याकडून उचलून आपटण्यात चूक झाली आणि सॅमार्टिनो यांच्या मानेचे हाड मोडले. तरीही काही आठवड्यांत ते पुन्हा रिंगमध्ये उतरले.

असा हा माणूस कित्येक वर्षे हॉल ऑफ फेमचे निमंत्रण नाकारत राहिला. या व्यवसायात शिरलेली उत्तेजक द्रव्ये आणि कार्यक्रमातला अश्लीलपणा त्यांना सहन होत नव्हता, आणि ते उघडपणे तसे बोलत असत. कंपनीने औषध तपासणीचे नियम कडक केले, कार्यक्रमाचे स्वरूप बदलले, आणि कुस्तीगीर व कंपनीचे अधिकारी ट्रिपल एच यांनी पुढाकार घेऊन त्यांच्याशी बोलणी केली, तेव्हा कुठे 2013 मध्ये त्यांनी होकार दिला. सोहळा मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्येच झाला आणि त्यांचा परिचय करून द्यायला त्यांचे जुने मित्र अर्नोल्ड श्वार्झनेगर आले होते. माझ्या मते त्या दिवशी सॅमार्टिनो यांच्यामुळे त्या यादीची शोभा वाढली. त्यांच्या नावावाचून ती यादी अपुरीच होती.

पारावरचा

दोघांचेही आभार. जुनी_फीत यांचे लिखाण मी काकांना वाचून दाखवले आणि मान मोडल्याचा उल्लेख आला तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. पण यातून एक पुढचा प्रश्न निघतो. एखादे मोठे नाव या यादीत नसेल, तर ती त्याची उपेक्षा समजायची का?

तांबडीमाती

नेहमीच तसे नसते. डब्ल्यूडब्ल्यूएफचे कुस्तीगीर ओवेन हार्ट यांचे उदाहरण घ्या. 23 मे 1999 रोजी कॅन्सस सिटीत छतावरून दोरीने रिंगमध्ये उतरवले जात असताना ते उंचावरून कोसळले आणि त्यात त्यांचा मृत्यू झाला. त्यांचे गुण निर्विवाद आहेत आणि चाहते दर वर्षी त्यांचे नाव घेतात, परंतु त्यांच्या पत्नी मार्था हार्ट यांनी या सन्मानाला ठाम नकार दिलेला आहे, आणि त्यांच्या जागी दुसरे कोणी असते तरी वेगळे वागले असते असे मला वाटत नाही. चाहत्यांनी त्यांच्यावर दडपण आणणे मला अजिबात पटत नाही.

गिरगावकर

दारा सिंग यांचा प्रश्न मागे पडला आहे, त्याचे उत्तर देतो. होय, त्यांचे नाव त्या यादीत आहे; 2018 मध्ये ते ‘लेगसी’ या विभागात घेतले गेले. हा विभाग 2016 मध्ये जुन्या काळातील कुस्तीगीरांसाठी सुरू झाला आणि पहिल्याच वर्षी त्यात जॉर्ज हॅकेनश्मिट, फ्रँक गॉच, महिला कुस्तीचा पाया घालणाऱ्या मिल्ड्रेड बर्क आणि लू थेझ अशी नावे होती. मात्र या विभागातल्या मानकऱ्यांसाठी व्यासपीठावर स्वतंत्र परिचय किंवा भाषण होत नाही; सोहळ्यात एका चित्रफितीत त्यांची नावे येऊन जातात. त्यामुळेच आपल्याकडे ही बातमी फारशी कोणाला कळली नसावी.

लू थेझ हे नाव आमच्या मुंबईला परके नाही. 1968 मध्ये याच शहरात दारा सिंग यांनी त्यांना हरवून जागतिक विजेतेपद मिळवल्याची नोंद आहे. वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियममधल्या फ्रीस्टाइल कुस्त्यांचे वर्णन आमच्या चाळीतले वडीलधारे रंगवून सांगत, आणि त्यात किंगकाँग या पैलवानाचे नाव आले की लहान मुले सरसावून बसत. त्या लढतींत ठरवलेले किती आणि खरे किती, याचा वाद तेव्हाही होता. परंतु दारा सिंग मुळात मातीतल्या कुस्तीत तयार झालेले पैलवान होते, आणि या विषयाशी काहीही संबंध नसलेल्या सामान्य माणसाच्या तोंडी ‘तू काय स्वतःला दारा सिंग समजतोस?’ हे वाक्य अजूनही येते, एवढी त्यांची छाप या देशावर आहे.

खली यांच्याबद्दल मला आदर आहे. 2007 मध्ये त्यांनी वर्ल्ड हेवीवेट विजेतेपद मिळवले आणि पुढे जालंधरला प्रशिक्षण केंद्र काढून नव्या मुलांना वाट करून दिली, हे काम मोठेच आहे. तरीही खली मुख्य यादीत आणि दारा सिंग चित्रफितीत, ही विभागणी मला खटकते. भारतात या खेळाला तिकीट काढून येणारा प्रेक्षक मिळवून देणाऱ्यांत दारा सिंग यांचे स्थान सर्वांत वरचे आहे, म्हणून त्यांना मुख्य सोहळ्यात, परिचय आणि भाषणासह, स्वतंत्र मान मिळायला हवा. 2012 मध्ये ते गेले, ही त्यात अडचण ठरू नये. कुस्तीगीर रँडी सॅव्हेज यांना निधनानंतर चार वर्षांनी, 2015 मध्ये, मुख्य मान मिळाला आणि त्यांच्या वतीने त्यांचे बंधू लॅनी पोफो व्यासपीठावर बोलले. दारा सिंग यांच्या वतीनेही त्यांच्या घरातले कोणी उभे राहून बोलू शकेल.